देवबागच्या शूटबद्दलच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार सर,

देवबागमधल्या तुमच्या होमस्टेच्या ड्रोन शूटला तुम्ही दोन स्टार दिलेत. फुटेज राखाडी आणि फिकं आलं, ड्रोन सारखा खाली उतरवून वेळ घालवला, ऑटोवर ठेवून उडवला असता तर तुमच्या भाच्यासारखं छान आलं असतं, असं तुमचं म्हणणं. घर तुम्ही फार मनापासून उभं केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्याकडे आहे ते कार्डावरचं कच्चं फुटेज. त्याच संध्याकाळी मागितलंत म्हणून दिलं, तयार व्हिडिओ अजून यायचाय. आम्ही डी-लॉग या फिकट रंगांच्या रेकॉर्डिंग मोडमध्ये शूट करतो. त्यात रंग आणि कॉन्ट्रास्ट मुद्दाम दाबलेले असतात, पण उजेडातलं आणि सावलीतलं बारीकसारीक जास्त टिकतं. रंग चढतो तो ग्रेडिंगला, म्हणजे नंतर संगणकावर रंग बसवताना. देवबागला याची गरज पडतेच. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. लाटेचा फेस उन्हात लखलखतो आणि त्याच फ्रेममध्ये माडाखाली गर्द सावली असते. माडांना धरून एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) लावलं की फेस जळतो, नुसता पांढरा डाग उरतो आणि तो नंतर कशानेही परत येत नाही. सावली बरीचशी उचलता येते. म्हणून स्क्रीनवर फेसावर झेब्राचे पट्टे, म्हणजे उजेड जास्त झाल्याची खूण, दिसले की आम्ही एक्स्पोजर खाली घेतो. तुमची कौलं आत्ता काळपट दिसतात ती त्यामुळेच.

ऑटोवर ठेवलं असतं तर ड्रोन समुद्राकडून घराकडे वळताना शॉटच्या मध्येच उजेड वरखाली झाला असता. उजेडाच्या छटेप्रमाणे रंग आपोआप जुळवणाऱ्या ऑटो व्हाइट बॅलन्सने पुळणीचा रंगही बदलत नेला असता. आम्ही व्हाइट बॅलन्स ५६०० केल्विनवर, म्हणजे दिवसाच्या उजेडाला, बांधून ठेवला होता.

आता खाली उतरवण्याचं. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा, म्हणजे शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड घेण्याचा वेळ) १/५० सेकंदाच्या आसपास हवं. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि लेन्सचं तोंड एफ २.८ ला असताना शटर साधारण १/३२०० वर जातं. तेवढ्या शटरला प्रत्येक फ्रेम गोठते आणि माडांच्या झावळ्या झटके दिल्यासारख्या हलतात. माडांच्या शेंड्यांजवळून नेलेल्या शॉटमध्ये तर ते फारच खुपतं. एनडी ६४ फिल्टर, म्हणजे लेन्सवरची गडद काच, सहा स्टॉप उजेड कापतो (एका स्टॉपला उजेड निम्मा होतो) आणि शटर बरोबर १/५० वर येतं. पण हा फिल्टर हातानेच लावावा लागतो, हवेत बदलता येत नाही. ढग आला की हलका फिल्टर. फोटोंना तर फिल्टर काढूनच टाकायचा, कारण तिथे वेगवान शटरच हवं. ड्रोन खाली आला तो दर वेळी एवढ्यासाठी. पुळणीवर उतरवला तर वाळू मोटरमध्ये जाते, म्हणून तुमच्या अंगणात चटईवर उतरवत होतो.

भाच्याच्या व्हिडिओला मी नावं ठेवणार नाही. मोबाइलवर तो लगेच छान दिसतो. फक्त त्यातला लाटेचा फेस झूम करून बघा, मग आमचा बघा.

तयार व्हिडिओ येत्या शनिवारपर्यंत पाठवतो. त्यात कौलं आणखी उजळ किंवा जांभ्याच्या भिंती जास्त तांबड्या हव्या असतील तर तेवढं कळवा. फाइलमध्ये त्याला भरपूर जागा आहे आणि त्याचे वेगळे पैसे लागणार नाहीत.