प्रिकर्सरच्या निवडीला एवढे महत्त्व का? एका आक्षेपाला उत्तर

आपण अतिपातळ थर चढवण्याच्या पद्धतींवरील माझा लेख बारकाईने वाचून आक्षेप नोंदवलात, याबद्दल मी आभारी आहे. आपले म्हणणे असे, की एएलडी (ॲटॉमिक लेअर डिपॉझिशन, म्हणजे दोन वाफा आळीपाळीने सोडून थर चढवण्याची पद्धत) म्हणजे केवळ संथ केलेली सीव्हीडी (केमिकल व्हेपर डिपॉझिशन, म्हणजे वाफेच्या अभिक्रियेतून थर सलग साचवण्याची पद्धत) होय; प्रिकर्सरच्या (ज्याच्या वाफेतून थर तयार होतो त्या पदार्थाच्या) रसायनशास्त्रावर मी नको इतका भर दिला असून खरे कौशल्य झडपा, पंप आणि तापमाननियंत्रण यांत असते. यंत्राचे महत्त्व मला मान्यच आहे, कारण दोन्ही वाफा कक्षात एकत्र आल्या तर एएलडी उरतच नाही. परंतु बाकीचे मला पटत नाही.

सीव्हीडीमध्ये तापलेल्या वेफरवर (ज्यावर चिप घडवतात त्या पातळ चकतीवर) वाफ येत राहते तोवर थर वाढत राहतो. सिलेन या सिलिकॉनयुक्त वायूचे विघटन होऊन सिलिकॉन साचते ते असेच. एएलडीत मात्र अभिक्रिया प्रत्येक टप्प्याला आपणहून थांबावी लागते. ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइडचा) थर वाढवताना ट्रायमिथिलॲल्युमिनियमची वाफ सोडली, की तिचे रेणू पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल (OH) गटांशी जोडले जातात आणि मिथेन बाहेर पडतो. पृष्ठभाग उरलेल्या मिथिल (CH₃) गटांनी झाकला गेल्यावर आणखी कितीही वाफ सोडली तरी काही बसत नाही. मग निष्क्रिय वायूने कक्ष साफ करून पाण्याची वाफ सोडली, की हायड्रॉक्सिल गट पुन्हा तयार होतात, आणि एका चक्रात सुमारे ०.१ नॅनोमीटर थर वाढतो. हे थांबणे झडपेमुळे घडत नाही, ते रेणूच्या गुणधर्मातून येते.

‘तापमान जुळवले की कोणताही प्रिकर्सर चालतो’ या आपल्या विधानाची खरी कसोटी हाफ्नियम ऑक्साइड या ट्रान्झिस्टरमधील विद्युतरोधकावर लागते. हाफ्नियम टेट्राक्लोराइड उष्णतेला चांगले टिकते. पण ते घनरूप असल्याने वाफ मिळवण्यासाठी बरेच तापवावे लागते, उपपदार्थ म्हणून हायड्रोजन क्लोराइड निघतो आणि कमी तापमानाला थरात क्लोरीन मागे राहू शकते. हाफ्नियमची अल्किलअमाइड संयुगे (ज्यांत कार्बनी गट नायट्रोजनमार्फत हाफ्नियमला जोडलेले असतात) सहज वाफ देतात, परंतु साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे ती स्वतःच विघटित होऊ लागतात, आणि मग वाढ थांबेनाशी होऊन आपल्या हाती नकळत सीव्हीडीच येते. तापमानाची मर्यादा येथे रेणूच घालून देतो.

इतिहासही हेच सांगतो. फिनलंडमध्ये संशोधक तुओमो सुंतोला यांनी १९७४ मध्ये झिंक सल्फाइडचे थर वाढवताना आधी झिंक आणि गंधक ही मूलद्रव्येच वापरली होती. पुढे झिंक क्लोराइड आणि हायड्रोजन सल्फाइड यांच्या अभिक्रियेकडे वळल्यावर ही पद्धत प्रदर्शन-पटलांच्या (डिस्प्लेच्या) उत्पादनात उपयोगी पडली. (लेनिनग्राडमधील अलेस्कोव्हस्की आणि कोल्त्सोव या रसायनशास्त्रज्ञांचे काम याच्याही आधीचे, १९६० च्या दशकातले आहे, त्याचा उल्लेख फार कमी होतो, याची मला खंत वाटते.)

संथपणाचा मुद्दा जाडीवर अवलंबून आहे. ट्रान्झिस्टरच्या गेटखाली (प्रवाह चालू-बंद करणाऱ्या भागाखाली) २ नॅनोमीटरचा थर हवा असेल तर वीसएक चक्रे पुरतात. इंटेल या चिप-कंपनीने २००७ मध्ये ‘४५ नॅनोमीटर’ पिढीच्या चिप-तंत्रज्ञानात हाफ्नियमयुक्त ऑक्साइड आणले तेव्हा गरज याच प्रमाणाची होती. डीरॅमच्या (संगणकाच्या स्मृती-चिपच्या) खोल, अरुंद खाचांमध्ये तर तोंडापासून तळापर्यंत सारखी जाडी मिळणे हीच मुख्य गरज असते, आणि तेथे वाफ तळाशी पोहोचेपर्यंत थांबण्यात गेलेला वेळ सार्थकी लागतो. एक मायक्रॉन जाडीचा सिलिकॉन ऑक्साइड हवा असेल, तर मीही टेट्राएथिल ऑर्थोसिलिकेट हे सिलिकॉनचे संयुग घेऊन सीव्हीडीच निवडेन.