‘जितकं दुखेल तितका गुण’: मालिशीच्या संदेशातल्या चुका

मालिशीविषयीचा एक संदेश घरोघरच्या ग्रुपांवर फिरतो. त्यातलं म्हणणं असं : आठवड्यातून एकदा अंग जोरात रगडून घेतलं की लॅक्टिक अ‍ॅसिड आणि ‘विषद्रव्यं’ निघून जातात, जितकं दुखेल तितका गुण येतो, अपाय कुणालाच होत नाही आणि चार दिवसांचा कोर्स केला की कुणीही मसाज थेरपिस्ट होतो. नियमित मालिशीचा उपयोग आम्हाला मान्य आहे. वरची चारही विधानं मात्र चुकीची आहेत.

व्यायामात वाढलेलं लॅक्टेट (संदेशातलं ‘लॅक्टिक अ‍ॅसिड’) साधारण तासाभरात शरीर स्वतःच वापरून टाकतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय भरून येतात ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे. नको ती द्रव्यं बाहेर टाकायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत. मालिशीनं व्यायामानंतरची ठणक थोडी कमी होते, जुनाट पाठदुखीला काही काळ आराम पडतो, ताण उतरतो. हा आराम टिकत नाही, म्हणून मालिश नियमित हवी. पण तिच्या जोडीला व्यायामही हवाच.

दुखण्याचं म्हणाल, तर दाब असह्य झाला की स्नायू आखडून प्रतिकार करतो आणि मेहनत वाया जाते. असह्य म्हणजे दहा धरलं, तर दाब सहा-सातच्या वर जाऊ नये. समोरच्यानं श्वास रोखला, मुठी वळल्या, की हात हलका करायचा. बेफाम रगडण्यानं काळेनिळे वळ उठतात. क्वचित स्नायूच विघटित होतो. त्यानं लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

‘अपाय नाही’ हे विधान सगळ्यांत घातक. लांबचा प्रवास, प्लास्टर, शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण यांनंतर एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. चोळण्यानं ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. अशा पायाला हात न लावता डॉक्टरकडे पाठवायचं. ताप, ताजी लचक, उघडी जखम असेल तर मालिश पुढे ढकला. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहानं पाय बधिर झालेल्या माणसाला दाबही कळत नाही आणि तेलाचा चटकाही. गळ्याची पुढची बाजू, काख आणि गुडघ्यामागची खळगी इथे अंगठा रोवू नये. केस कापल्यावर मान ‘मोडून’ घेण्याची सवय तर सोडाच. त्या झटक्यानं मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत. रोज अभ्यंग (तेलमालिश) करा म्हणणाऱ्या प्राचीन आयुर्वेदाचार्य वाग्भटानंही अजीर्ण झालेल्याला अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे.

आता चार दिवसांचा कोर्स. जपानमध्ये मसाजच्या परवान्यासाठी किमान तीन वर्षांचं शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा लागते. न्यूयॉर्क राज्यात 1000 तासांचं शिक्षण. आपल्याकडे तशी सक्ती नाही, म्हणून झटपट प्रमाणपत्रं खपतात. नवख्याचा पहिला बळी म्हणजे त्याचाच अंगठा. मनगटाच्या ताकदीनं दिवसभर दाबत राहिल्यावर अंगठ्याच्या बुडाचा सांधा दुखू लागतो आणि धंदा बसतो. जोर कमरेतून यायला हवा : एक पाय पुढे, कोपर जवळपास सरळ, अंगाचा भार पुढे झुकवायचा, खोल कामाला अंगठ्याऐवजी हाताचा कोपर ते मनगट हा भाग वापरायचा. सरळ उभं राहून हात सोडले की मुठीची हाडं मालिशीच्या टेबलाला जेमतेम टेकावीत. टेबल बुटकं असेल तर कंबर जाते, उंच असेल तर खांदे. तेल अख्ख्या अंगाला साधारण 20 ते 30 मिली पुरतं. जास्त झालं की हात घसरतो, स्नायू पकडता येत नाही. सुरुवात तळहातानं, लांब आणि हलके हात फिरवत; स्नायू सैलावल्यावरच त्यातल्या आखडलेल्या गाठीवर अर्धा-एक मिनिट दाब.

कोर्सची फी भरण्याआधी दोन गोष्टी विचारा : शिक्षकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष मालिश किती तास करायला मिळेल, आणि कुणाला मालिश करायची नाही हे शिकवतात का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट मिळालं नाही, तर तिथे पैसे भरू नका.