उद्या फायनल आहे: ओरडणार इंग्लंडसाठी, जीव मात्र कॅनडात अडकलाय

उद्या शनिवार, 27 सप्टेंबर 2025. लंडनच्या ट्विकनमला महिला रग्बी वर्ल्ड कपची फायनल, इंग्लंड विरुद्ध कॅनडा. सगळी तिकिटं संपली आहेत, म्हणजे 80 हजारांवर माणसं येणार. पंधरा-पंधरा जणींच्या महिला रग्बीला आजवर सगळ्यात जास्त गर्दी झाली ती 58,498 ची, 2023 साली इंग्लंड-फ्रान्सच्या सामन्याला, याच मैदानावर. उद्या तो आकडा फार मागे पडेल.

आम्ही चौघं जातोय. मी, नवरा, लेक आणि तिच्या टीममधली एक मैत्रीण. लेकीचं सगळं ठरलेलं आहे, गालावर लाल गुलाब काढायचा आणि घसा बसेपर्यंत ओरडायचं. माझं मात्र आठवडाभर ठरत नाहीये. का, ते लिहून काढते. आपल्या मंडळींना रग्बीत फारसा रस नसतो हे ठाऊक आहे, तरी शेवटपर्यंत वाचा. यात आपलंही बरंच काही आहे.

आधी इंग्लंडचं सांगते. या संघाला इथे 'रेड रोझेस' म्हणतात. नोव्हेंबर 2022 नंतर एकही सामना हरलेल्या नाहीत, सलग 32 विजय. आणि तेव्हा हरल्या तो सामना म्हणजे मागच्या वर्ल्ड कपची फायनल. ऑकलंडचं ईडन पार्क, समोर न्यूझीलंड. तिथेही सलग 30 सामने जिंकूनच उतरल्या होत्या. अठराव्या मिनिटाला लिडिया थॉम्प्सनला रेड कार्ड मिळालं. उरलेला तासभर चौदा जणी पंधरा जणींशी झुंजल्या. आणि तरीही अगदी शेवटी, 31-34 अशा मागे असताना, प्रतिस्पर्ध्यांच्या गोललाइनजवळ लाइनआउट मिळाला. चेंडू आत फेकायचा, आपल्याच खेळाडूने उंच उचललं जाऊन तो झेलायचा, मग सगळ्यांनी मिळून रेटत लाइनपार न्यायचं. हा त्यांचा हुकमी डाव. त्या दिवशी चेंडू वर गेला आणि न्यूझीलंडच्या जोआना न्गान-वूने तो हवेतच हिसकावला. खेळ खलास. इथे तेव्हा सकाळ होती. त्यानंतर कितीतरी वेळ घरात कुणी कुणाशी बोललं नव्हतं.

त्याआधी 2017 ची फायनलही न्यूझीलंडकडूनच गेली, 41-32. त्याआधी 2002, 2006, 2010. तीही त्यांच्याकडूनच. 2010 ची तर ट्विकनमच्या अगदी शेजारी, रस्त्यापलीकडच्या छोट्या स्टूप मैदानावर. मध्ये 2014 ला एकदा जिंकल्या, पॅरिसला, आणि त्या फायनलमध्ये समोर कॅनडाच होती. 21-9. त्यात शेवटचा निर्णायक ट्राय (चेंडू समोरच्या गोललाइनपार टेकवून गुण मिळवणं) करणारी एमिली स्कॅरट याही वेळी पथकात आहे, हा तिचा पाचवा वर्ल्ड कप.

तर आमच्या क्लबातल्या ज्या बायका वीस-पंचवीस वर्षं हा संघ पाहत आल्यात, त्यांना फायनलला न्यूझीलंडच हवं होतं. पाच फायनलचा हिशेब चुकता करायचा होता. गेल्या शुक्रवारी इथे ब्रिस्टलला, ॲश्टन गेटवर, कॅनडाने न्यूझीलंडला 34-19 असं हरवलं, तेव्हा आमच्या रांगेत टाळ्या कडकडून वाजत होत्या, पण दोघीतिघी खुर्चीवर तशाच बसून राहिल्या होत्या.

तो सामना मी विसरणार नाही. रग्बीत धावणाऱ्या खेळाडूला पाडलं की तिला चेंडू सोडावा लागतो. मग दोन्हीकडच्या जणी त्या चेंडूवर येऊन भिडतात. या गर्दीला रक म्हणतात. चेंडू तिथून किती लवकर बाहेर निघतो यावर पुढचं सगळं अवलंबून. कॅनडाचा चेंडू निघायचा आणि न्यूझीलंडच्या बचावाची रांग अजून लागायचीच असायची. पाडलं, निघाला, पास, पुन्हा पाडलं, पुन्हा निघाला. मध्यंतराला 24-7. सहा वेळा जग जिंकलेला, 2014 नंतर वर्ल्ड कपमध्ये एकदाही न हरलेला संघ श्वास घ्यायला जागा शोधत होता. मध्ये उभी होती सोफी डी गूडे. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ एकमेकांना भिडून ढकलतात त्या घोळक्यात, दुसऱ्या रांगेत ताकद लावणारी उंच खेळाडू, आणि तीच पुन्हा पोलमधून किकही मारते. हे दुर्मीळ असतं. तिचे आई-वडील दोघंही कॅनडाचे कॅप्टन होते. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला, वर्षभर ती बाहेर होती, आणि वर्ल्ड कपच्या तोंडावर परतली. सामना संपल्यावर ती आमच्या बाजूला आली, तेव्हा माझी लेक, जी आयुष्यभर इंग्लंडचीच राहणार आहे, कठड्याला लोंबकळून तिला हाक मारत होती.

आता ज्या गोष्टीने झोप उडवली आहे ती सांगते. कॅनडाचा हा संघ, जगात दुसऱ्या नंबरचा, लोकांच्या पैशांवर इथवर आलाय. रग्बी कॅनडाकडे, म्हणजे तिथल्या रग्बी संघटनेकडे, या वर्ल्ड कपच्या तयारीसाठी पैसे पुरेसे नव्हते. म्हणून त्यांनी 'मिशन: विन रग्बी वर्ल्ड कप' या नावाने देणग्या मागितल्या. लक्ष्य 10 लाख कॅनेडियन डॉलरचं. लोकांनी दिले, भरभरून दिले. चांगल्या श्रीमंत देशाचा राष्ट्रीय संघ, गेल्याच वर्षी क्राइस्टचर्चला जाऊन न्यूझीलंडला पहिल्यांदा हरवलेला, आणि त्याच्यासाठी वर्गणी.

हे कळल्यापासून इथल्या प्रत्येक माणसाचं मन कॅनडाकडे झुकलंय. पेपरात तेच, पबमध्ये तेच, शाळेच्या गेटवरही तेच. "काय जिद्द आहे बघ, पैसे नाहीत तरी फायनलला." माझंही मन झुकलंय, अगदी पूर्ण झुकलंय. पण या वाक्याने माझ्या पोटात गोळा येतो, कारण हे मी लहानपणापासून ऐकत आलेय.

माझं माहेर कराडजवळचं. आमच्याकडे गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची गोष्ट ज्याला माहीत नाही असं पोर नसायचं. 1948 ला लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली म्हणून गेले, सहावे आले. 1952 ला हेलसिंकीला जायचं तर पुन्हा पैशांची वानवा. गावोगाव वर्गणी जमवली गेली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत ब्राँझ जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडहून गावापर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ही गोष्ट आम्ही दर वर्षी शाळेत अभिमानाने सांगायचो, आणि अभिमान वाटावा अशीच ती आहे.

पण त्यानंतर काय झालं ते बघा. पुढचं वैयक्तिक पदक आलं 1996 ला, लिअँडर पेसचं. 44 वर्षांनी. प्राचार्यांनी घर गहाण ठेवलं याचं कौतुक सगळ्यांनी केलं. पुढच्या पैलवानासाठी कुणाला घर गहाण ठेवावं लागू नये अशी सोय मात्र झाली नाही. त्यागाची गोष्ट इतकी सुंदर होती की त्यातच सगळे समाधानी राहिले.

माझ्या स्वतःच्या बाबतीत तर फार छोटी गोष्ट आहे. शाळेत असताना आमची खो-खोची टीम राज्य पातळीवर निवडली गेली. शाळेकडे प्रवासाचे पैसे नव्हते. पावतीपुस्तक आमच्याच हातात दिलं आणि आम्ही पोरी बाजारपेठेत दारोदार फिरलो. कुणी 11 दिले, कुणी 21, किराणावाल्या काकांनी 51 दिले आणि वर गुळाची ढेप दिली. तरी कमीच पडले. मग दोघींना मागे ठेवलं. त्यातली एक आमची सगळ्यात चपळ मुलगी होती. तिच्या घरून स्वतःचा वाटा भरणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून ती राहिली. आम्ही दुसऱ्याच फेरीत हरून आलो. गावात सत्कार झाला, हार-नारळ झालं, 'परिस्थितीवर मात' असं भाषण झालं. ती मागच्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होती. पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरलं.

म्हणून मला उद्या इंग्लंड जिंकायला हवंय.

इंग्लंडच्या या मुलींना 2019 पासून पूर्णवेळ पगार मिळतो. फिजिओ आहेत, आहारतज्ज्ञ आहेत, बाळंतपणाची रजा आहे. त्यांच्यामागे एक धड चालणारी लीग आहे, जिच्यात कॅनडाच्याही बऱ्याच जणी खेळतात. डी गूडे स्वतः इथल्या सारासेन्स क्लबकडून खेळत आलीये. म्हणजे उद्याच्या कॅनडाच्या खेळातही इथल्या पैशाचा हात आहे. हे सगळं करून इंग्लंड सलग 32 सामने जिंकतं. बाईच्या खेळावर पैसा लावला की असं होतं, हे दाखवणारा जगात याहून स्वच्छ पुरावा नाही. तो पुरावा उद्या फसला, तर जगभरच्या बोर्डांमधली माणसं काय म्हणतील ते मला इथे बसून ऐकू येतंय. "बघा, कॅनडाने वर्गणीत जमवलं. मग आम्ही कशाला पगार द्यायचे?"

माझ्या क्लबातली एक मैत्रीण म्हणते की उलटंही होऊ शकतं. कॅनडा जिंकली तर त्यांच्या सरकारला, स्पॉन्सरना लाज वाटेल, पैसे येतील. येतीलही. पण जिंकल्याने पैसा टिकतोच असं या खेळात घडलेलं नाही. 2014 ला इंग्लंड जिंकलं तेव्हा त्या संघात शिक्षिका होती, पशुवैद्य होती, नोकऱ्या सांभाळून खेळणाऱ्या बायका होत्या. जिंकल्यावर करार मिळाले. आणि 2017 च्या वर्ल्ड कपच्या वेळीच, जगज्जेत्या म्हणून खेळत असताना, त्यांना कळलं की पंधराच्या संघाचे करार पुढे चालू ठेवणार नाहीत, कारण पैसा सेव्हन्सकडे, म्हणजे सात-सात जणींच्या रग्बीकडे, वळवायचाय. पुन्हा करार मिळायला 2019 उजाडलं. आणि हे करार देणाऱ्या इंग्लंडच्या रग्बी संघटनेने, आरएफयूने, 2023-24 साठी 3 कोटी 79 लाख पाऊंडांचा तोटा जाहीर केलाय. सलग तिसरी फायनल, तीही स्वतःच्या घरी, हा संघ हरला, तर खर्चाच्या कागदावर पहिली फुली कुठे पडेल? मला भीती वाटते. उगाच नाही वाटत.

आणि तरीसुद्धा. नॉर्थॅम्प्टनला इंग्लंडने सामोआला 92-3 हरवलं तो सामना आठवा. सामोआच्या बहुतेक मुली नोकरी-धंदा सांभाळून खेळणाऱ्या. सगळ्या स्पर्धेत त्यांना मिळाले ते तेवढे तीनच गुण. हार्मनी वाताऊने पेनल्टी किक मारली, चेंडू पोलमधून गेला, आणि अख्खं स्टेडियम, म्हणजे इंग्लंडचीच माणसं, उभं राहिलं. मी टीव्हीसमोर रडले. पण ते रडणं ओसरल्यावर वाटलं, आपण उभं राहिलो म्हणून त्या मुलींना काय मिळालं? प्रेक्षकांच्या या मायेची मला शंका नाही, ती खरीच आहे. तिच्यावर कुणाचं घर चालत नाही, एवढंच.

कॅनडाच्या फंडात आज सकाळी मीही थोडे पैसे टाकले. उद्या त्यांनी ट्राय केला तर माझ्या तोंडून आवाज निघणारच आहे, लेक रागावली तरी चालेल.

खेळाचं म्हणाल तर पहिली वीस मिनिटं बघा. कॅनडाचा चेंडू रकमधून शुक्रवारसारखाच झटपट निघाला तर इंग्लंड अडचणीत येईल. फ्रान्सविरुद्ध सेमीत मध्यंतराला जेमतेम 7-5 ने पुढे होतं, त्यामुळे घाबरतात त्याही, हे दिसलंय. पण इंग्लंडने खेळ संथ केला, लाइनआउट जिंकून रेटायला सुरुवात केली, तर ऐंशी मिनिटं त्या रेट्याला तोंड देणं कॅनडाला जड जाईल. गेल्या ऑक्टोबरला व्हँकूव्हरला दोघी भिडल्या होत्या तेव्हा 21-12 ने इंग्लंड जिंकलं होतं. मला वाटतं उद्याही दहाएक गुणांनी जिंकेल. इंग्लंडच्या एली किल्डनकडे चेंडू मोकळा आला की उभं राहून बघा, बसून बघण्यासारखी ती धावतच नाही.

सामना इथल्या चार वाजता, भारतात रात्री साडेआठला. आई, काकू, मंडळातल्या सगळ्या जणी, उद्याच्या भोंडल्याला मी नाही. लेकीची खिरापत तेवढी डब्यात काढून ठेवा, परवा येऊन नेते.