‘एसएमडी हाताने होत नाही’ हे कितपत खरं?

एसएमडी म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावरच, तांब्याच्या छोट्या पॅडवर सोल्डर केलेले बारीक इलेक्ट्रॉनिक पार्ट. त्यांच्याबद्दल सध्या एक संदेश जोरात फिरतोय: ‘एसएमडी पार्ट हाताने बदलता येत नाहीत. ते दिसत नाहीत, हात थरथरतो, साध्या सोल्डरिंग आयर्नने आयसी (चिप) जळतो, पायांमध्ये शॉर्ट होतात आणि शेवटी पॅड उखडतात. हॉट एअर (गरम हवेचं यंत्र) नसेल तर बोर्डाला हात लावू नका.’ यातलं बरंचसं चूक आहे. जे बरोबर आहे, त्याचं कारण भलतंच दिलंय.

डोळे आणि हात यांचं आधी उरकून टाकू. ०८०५ मापाचा रेझिस्टर साधारण २ मिमी लांब असतो, ०६०३ मापाचा १.६ मिमी. भिंग आणि चांगला उजेड असला की एवढं दिसतं. मनगट टेबलावर टेकवा, एका पॅडवर आधी थोडं सोल्डर लावून घ्या, चिमट्याने पार्ट धरून ते वितळवा. पार्ट टाचला गेला की दुसरी बाजू निवांत करता येते. त्याहून बारीक ०४०२ ला मात्र सराव लागतो, हे कबूल.

आता ‘आयसी जळतो’. अहो, तोच आयसी कारखान्यात बोर्डासकट भट्टीतून जातो! जेडेक या चिप-उद्योगाच्या मानक संस्थेच्या मानकात लीड-फ्री (शिसं नसलेल्या) सोल्डरसाठीच्या पार्टची जी कसोटी आहे, तिच्यात लहान पार्टच्या अंगाचं तापमान २६० अंश सेल्सिअसपर्यंत नेतात आणि २१७ अंशांच्या वर तो ६० ते १५० सेकंद राहतो. तुमचं आयर्न एका पायाला दोन-तीन सेकंद टेकतं. आकडा ३५० दाखवत असला तरी जोड तेवढा तापत नाही, कारण पाय, पॅड आणि ट्रॅक उष्णता ओढून घेत असतात. ग्राउंडच्या तांब्याच्या मोठ्या पट्ट्याला जोडलेला पाय तर हट्टीपणाने थंडच राहतो.

या भीतीपोटी लोक दोन चुका करतात. एक, तापमान फार कमी ठेवतात. कथील-शिशाचं ६३/३७ सोल्डर १८३ अंशांना वितळतं, लीड-फ्री २१७ ते २२० ला. आयर्न २५० वर ठेवलं की लीड-फ्री जोड लवकर वितळत नाही, मग माणूस वीस सेकंद तिथेच घासत बसतो, आणि खरं नुकसान त्या वीस सेकंदांत होतं. दुसरी चूक म्हणजे सुईसारखी बिट, म्हणजे आयर्नचं टोक. पार्ट बारीक म्हणून बिटही बारीक, हा हिशेब सोपा वाटतो, पण टोकातून उष्णता पुढे जायला धातू हवा. छोटी छिन्नीच्या आकाराची बिट बहुतेक कामांना बरी.

उष्णतेला खरंच जपावं लागतं ते वेगळ्याच पार्टना. सिरॅमिक कपॅसिटरला एकदम चटका बसला की आतून बारीक तडा जातो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. प्लॅस्टिकचे कनेक्टर वितळतात. माझ्या हातून मेलेला पहिला आयसी मात्र उष्णतेने गेला नाही. पहिल्या पायाची खूण न बघता मी तो उलटा लावला होता.

शॉर्टचं कारणही हाताचं नाही, फ्लक्सचं आहे. फ्लक्स म्हणजे धातूवरचं ऑक्साइड काढणारं रसायन. सोल्डरच्या तारेतलं फ्लक्स काही क्षणांत जळून जातं. मग सोल्डरवर ऑक्साइडची साय येते, ते चिकट होतं आणि दोन पायांमध्ये दोर ओढल्यासारखं अडकतं. वरून जेल फ्लक्स घाला आणि ०.५ मिमी अंतराच्या पायांवरून, बिटवर अगदी थोडं सोल्डर घेऊन, ती हळूच ओढत न्या. दोन पॅडांच्या मधल्या सोल्डर मास्कला, म्हणजे बोर्डावरच्या रंगीत थराला, सोल्डर धरत नाही. पृष्ठताणामुळे ते ज्याच्या त्याच्या पायावर जातं. पहिल्यांदा हे पाहताना जादूच वाटते. शेवटच्या दोन पायांत पूल राहिलाच, तर फ्लक्स लावून स्वच्छ बिटने किंवा विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीने) तो निघतो. फक्त नळजोडणीचं आम्लयुक्त फ्लक्स बोर्डावर नको, ते तांबं खात राहतं.

‘हॉट एअर हवंच’ हेही सरसकट खरं नाही. आठ पायांचा एसओआयसी (दोन बाजूंना पायांच्या रांगा असलेला आयसी) काढायचा तर दोन्ही रांगांवर भरपूर सोल्डर घाला आणि आलटून पालटून तापवा. दोन्हीकडचं एकाच वेळी वितळलेलं राहिलं की आयसी सरकतो. कथील-बिस्मथचं मिश्रण तर १३८ अंशांनाच वितळतं, ते मिसळलं तर काम आणखी सोपं होतं. पण नंतर ते विकने पूर्ण काढा: त्यात शिसं मिसळलं तर १०० अंशांखालीच वितळणारा भाग जोडात उरू शकतो. उलट नवख्याच्या हातातलं हॉट एअर शेजारचे छोटे कपॅसिटर उडवतं आणि कनेक्टर वाकडे करतं. यंत्र वाईट नाही, पण ते सुरक्षिततेचा परवाना नव्हे.

पॅड उखडतात ते घाईने. एखादा पाय अजून घट्ट असताना पार्ट उपटला, की गरम होऊन सैल पडलेलं तांबं त्याच्याबरोबर येतं. चिमट्याने किंचित ढकलून पाहा. पार्ट तरंगल्यासारखा हलला तरच उचला. पॅड गेलाच तर ट्रॅकवरचा मास्क खरवडून एनॅमलच्या बारीक तारेने जोड देता येतो. दिसायला ओबडधोबड, पण चालतो.

आयर्नने खरोखर जमत नाही तो बीजीए प्रकारचा आयसी. त्याला पायांऐवजी सोल्डरचे गोळे असतात. ते गोळे पोटाखाली असतात, तिथे बिट पोचतच नाही. वरून हॉट एअर, खालून प्रीहीटर आणि आतले जोड तपासायला एक्स-रे लागतो. क्यूएफएन या बाहेर पाय नसलेल्या आयसीच्या पोटाखालच्या पॅडचंही बहुधा तेच, बोर्डाच्या मागून त्याला पोचणारी मोठी भोकं ठेवली असतील तरच सुटका. त्या संदेशात या दोघांचं नावसुद्धा नाही.