‘फक्त प्रश्नावली आहे, एथिक्सची मंजुरी कशाला?’ या मेसेजला उत्तर

प्रबंधाचे विषय ठरायला लागले की विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: एथिक्स कमिटीची (संशोधनात भाग घेणाऱ्या माणसांना इजा होऊ नये हे आधी तपासणाऱ्या समितीची) मंजुरी औषधांच्या चाचण्यांना आणि रक्ताचे नमुने घेणाऱ्यांना लागते, प्रश्नावली किंवा मुलाखत असेल तर नाही. नाव विचारलं नाही की प्रश्न मिटला. फॉर्म भरला म्हणजे संमती आलीच. आणि पुढे जर्नलने मागितलीच, तर मंजुरी नंतर घेता येते.

चांगली, कष्टाळू मुलं यावर विसंबून डेटा गोळा करतात आणि मग तो डेटा वापरता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे ज्यांनी विश्वासाने उत्तरं दिली, त्यांचा कुणी विचारच केलेला नसतो. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘औषध नाही, सुई नाही, म्हणजे धोका नाही.’ १९६०च्या दशकात अमेरिकेत लॉड हम्फ्रीज हा समाजशास्त्राचा पीएच.डी.चा विद्यार्थी सार्वजनिक शौचालयांत समलैंगिक संबंधांसाठी भेटणाऱ्या पुरुषांचा अभ्यास करत होता. त्याने त्यांच्या गाड्यांचे नंबर टिपले, त्यावरून पत्ते मिळवले आणि साधारण वर्षभराने, स्वतःचं रूप बदलून, आरोग्य सर्वेक्षणाच्या नावाखाली त्यांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या. त्यातल्या अनेकांना बायका-मुलं होती आणि असे संबंध तिथे गुन्हा ठरत होते. ती यादी बाहेर फुटली असती तर नोकरीही गेली असती आणि घरही मोडलं असतं. इथे औषध नव्हतं, संशोधक विद्यार्थी होता आणि साधन होतं प्रश्नावली. १९७४ साली अमेरिकेने संशोधनातल्या सहभागींच्या संरक्षणासाठी जो राष्ट्रीय आयोग नेमला, त्याच्या नावातच ‘जैववैद्यकीय आणि वर्तनविषयक संशोधन’ असे दोन्ही शब्द होते.

पण इतकं लांब जायचीही गरज नाही. विद्यार्थ्यांचा अगदी आवडता विषय घ्या: परीक्षेचा ताण आणि नैराश्य. त्यासाठी बहुतेक जण पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी तयार प्रश्नावली उचलतात. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, पाच मिनिटांचं काम. त्यातला नववा प्रश्न असा आहे की, गेल्या दोन आठवड्यांत मेलेलं बरं, किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार किती वेळा आले? समजा, एका मुलीने रात्री एकटीने बसून फॉर्म भरला आणि या प्रश्नापुढे ‘जवळजवळ रोज’ निवडलं. संशोधक ती शीट उघडणार दोन महिन्यांनी, विश्लेषणाच्या वेळी. फॉर्म निनावी असेल तर ती कोण हे कधीच कळणार नाही. निनावी नसेल तर ती रात्र संशोधकाची जबाबदारी होती. समिती नेमकं हेच विचारते: असं उत्तर आलं तर काय कराल? फॉर्मच्या शेवटी मदतीचा क्रमांक आहे का? समुपदेशकाशी आधी बोलून ठेवलंय का? नववा प्रश्न तुमच्या अभ्यासाला खरंच हवा आहे का? तो वगळून आठ प्रश्नांची आवृत्तीही वापरात आहे. ‘फक्त प्रश्नावली’ म्हणणाऱ्याला हे सुचत नाही, कारण त्याला थांबून विचारणारं कुणी भेटलेलंच नसतं.

‘नाव घेतलं नाही, की झालं.’ साठ जणांच्या वर्गात शाखा, लिंग, वसतिगृह की घर, आणि मातृभाषा एवढं विचारलं तरी दोन-चार जण सहज ओळखू येतात. २००८ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या फेसबुक प्रोफाइलची माहिती, नावं काढून आणि विद्यापीठाचं नाव न सांगता, संशोधकांसाठी खुली करण्यात आली. सोबतच्या वर्णनावरूनच ते हार्वर्ड आहे हे थोड्याच दिवसांत उघड झालं. काही गटांत तर एकच एक विद्यार्थी होता, म्हणजे तो कोण हे सहज कळत होतं. त्या प्रकल्पाला समितीची मंजुरी होती, हेही सांगायला हवं. मंजुरी मिळाली म्हणून संशोधकाचं डोकं चालवायचं काम संपत नाही. आणि फॉर्ममध्ये ईमेल नोंदवण्याचं सेटिंग चालू ठेवून वर ‘तुमची ओळख गुप्त राहील’ असं लिहिणारे अर्ज मी समितीत बसून पुन्हा पुन्हा पाहिले आहेत.

‘फॉर्म भरला म्हणजे संमती.’ यात थोडं तथ्य आहे. ऑनलाइन सर्वेक्षणाला दर वेळी सही लागत नाही. पहिल्या पानावर अभ्यासाचा हेतू, किती वेळ लागेल, माहिती कोण पाहणार आणि मध्येच सोडता येईल का, हे स्पष्ट लिहून ‘मी सहमत आहे’ हा पर्याय दिला तर बहुतेक समित्यांना तो चालतो. पण फॉर्मची लिंक सरांनीच वर्गाच्या ग्रुपवर टाकून ‘सगळ्यांनी भरा’ म्हटलं असेल, तर नाही म्हणायची सोय उरली कुठे? गुण ज्यांच्या हातात आहेत त्यांनी मागितलेली संमती मोकळी नसते. अशा वेळी लिंक तिसऱ्या कुणीतरी पाठवावी आणि कोणी भरलं, कोणी नाही, हे सरांना कळू नये. शिवाय पहिल्या वर्षाला सतरा वर्षांची मुलंही असतात. १८ वर्षांखालच्या सहभागींच्या बाबतीत साधारणपणे पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात.

‘मंजुरी नंतर घेता येते.’ हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. समितीने आधी पाहायचं ते यासाठी की प्रश्न, संमतीपत्र, सहभागी निवडायची पद्धत अजून बदलता यावी. उत्तरं घेऊन झाल्यावर बदलायचं काय? म्हणूनच समित्या पूर्वलक्षी मंजुरी देत नाहीत. ‘पायलट, म्हणजे आधीची छोटी चाचणी, होतं’ ही सबबही चालत नाही. पायलटमध्येही माणसंच उत्तरं देतात.

मेसेज एका बाबतीत खरा आहे: काही अभ्यासांना पूर्ण समितीपुढे जावं लागत नाही. सार्वजनिक, ओळख न पटणाऱ्या आकडेवारीवरचं काम किंवा अगदी कमी जोखमीचं सर्वेक्षण यांना सूट मिळू शकते, किंवा एक-दोन सदस्यच त्वरित तपासणी करतात. फक्त ती सूट आहे की नाही हे संशोधकाने स्वतःच ठरवायचं नसतं. अर्ज करायचा आणि सूट दिल्याचं पत्र घ्यायचं.

मंजुरीला फार उशीर लागतो, ही विद्यार्थ्यांची तक्रारही मला पटते. काही समित्यांचे अर्ज औषध-चाचण्यांच्या साच्यातले असतात आणि मुलाखतीच्या अभ्यासालाही औषधाची मात्रा विचारतात. ते बदलायलाच हवं, आणि समितीवर असलेल्यांनी ते मनावर घ्यायला हवं. पण परत आलेल्या अर्जांतली बरीचशी कारणं विद्यार्थ्याच्या हातातली असतात. प्रश्नावली अपुरी असते. संमतीपत्र सहभागींना न कळणाऱ्या भाषेत असतं. सहभागींना पाठवायचा मजकूर जोडलेलाच नसतो. डेटा कुठे ठेवणार आणि कधी नष्ट करणार, ती ओळ कोरी असते. प्रबंधाचं शीर्षक एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरंच असतं. आणि डेटा गोळा करायला सुरुवात करायची तारीख अर्जाच्या तारखेच्या आधीची असते. अर्ज देण्याआधी मार्गदर्शकांसोबत तासभर बसलं तर यातलं बहुतेक निस्तरता येतं.