पॅकेजचं दत्तकविधान

अभिनंदन! डेबियन या लिनक्स प्रणालीच्या अनाथ, म्हणजे सांभाळणारा नसलेल्या, पॅकेजांच्या यादीतून बहुभाषिक टंकलेखनाचं एक साधन तुम्ही दत्तक घेतलंत. घरी कुंडीतली तुळस जगत नाही, पण त्याचा इथे काय संबंध? त्याच्या अनाथपणाची नोंद असलेल्या बगचं शीर्षक बदलून 'आयटीए', म्हणजे 'दत्तक घ्यायचा इरादा', केलं, पॅकेजची माहिती असलेल्या कंट्रोल फाइलमध्ये मेंटेनर (सांभाळकर्ता) म्हणून आपलं नाव घातलं, की झालं बारसं. आता लेकरू वाढवायचं कसं, तेवढं सांगतो.

उदाहरणाला आयबस-एम१७एन घेऊ; आयबस म्हणजे दाबलेल्या कळा ॲपपर्यंत अक्षरं म्हणून पोचवणारी यंत्रणा. 'मल्टिलिंग्वलायझेशन' या शब्दातल्या एम आणि एन यांच्या मधली १७ अक्षरं टाइप करायचा कंटाळा, म्हणून एम१७एन. टंकलेखनाच्या साधनाला असं नाव मिळावं हे शुभचिन्हच. मामला तीन थरांचा आहे. तळाशी एम१७एन-डीबी, म्हणजे टेबलं. त्यावर ती वाचणारी लायब्ररी, जी जपानमधल्या एआयएसटी संस्थेत उभी राहिली. आणि सगळ्यात वर आयबसशी बोलणारं इंजिन. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट, आयट्रान्स, फोनेटिक, गमभन अशी टेबलं, म्हणजे टंकलेखनाच्या पद्धती, आहेत. टेबल म्हणजे 'मिम' शेपटीची साधी मजकूर-फाइल: कंसच कंस, आणि कंसात कोणत्या कळांनी कोणतं अक्षर उमटावं त्याची जोडी. कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. तुम्ही उघडू नका. उघडली तर वाचाल, वाचली तर चूक दिसेल, आणि दिसली तर दुरुस्त करावी लागेल.

त्याऐवजी दिसणारं काम करा. पॅकेज बांधणाऱ्या डेबहेल्परची कंपॅट पातळी १३ वर न्या, नियमावलीची आवृत्ती सांगणारा स्टँडर्ड्स-व्हर्जनचा आकडा वाढवा, पॅकेज तपासणाऱ्या लिंटियनच्या तक्रारी पुसा, चेंजलॉगमध्ये 'नवी अपस्ट्रीम आवृत्ती' एवढी एकच ओळ लिहा (अपस्ट्रीम म्हणजे मूळ प्रोग्रॅम लिहिणारे). ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलमध्ये खिडकी मिळाली, तर ऐरोली यायच्या आत उरकतं. बिल्ड हिरवा होतो, पानभर काम केल्याचं दिसतं, आणि इतक्या घडामोडीत मराठी अक्षराला कुणाचा हातही लागत नाही.

थोडी महत्त्वाकांक्षा असेल तर अवलंबनांकडे, म्हणजे पॅकेजला लागणाऱ्या इतर पॅकेजांकडे, वळा. 'एसएचलिब्ज डिपेंड्स' ही जादूची ओळ सगळं शोधून काढते, असा ठाम विश्वास बाळगा. ती फक्त बायनरीला लिंक केलेल्या शेअर्ड लायब्रऱ्या शोधते. टेबलं ही डेटा. ती तिला दिसत नाहीत. चालू प्रोग्रॅम डीएलओपनने ऐनवेळी जे उघडतो, तेही नाही. म्हणून एम१७एन-डीबीची ओळ हाताने लिहावी लागते. ती 'डिपेंड्स'मधून (हवंच) उचलून 'रेकमेंड्स'मध्ये (असलं तर बरं) टाका, म्हणजे पॅकेज सडपातळ दिसेल. शिफारशीतली पॅकेजं वगळून इन्स्टॉल करण्याची सवय लागलेल्या महापेच्या एखाद्या सिस्टिम ॲडमिनकडे मग इंजिन पोचतं आणि टेबलं मागे राहतात. एरर येत नाही. यादीत मराठी नसते, एवढंच. माणूस दुपारभर स्वतःच्या सेटिंगला दोष देत बसतो.

आता मुख्य विषय: ऱ्या. ठाण्याला खाडी आहे, खाडीला किनारा आहे, तेव्हा 'किनाऱ्यावर' हा शब्द इथे रोज लागतो. आयट्रान्सच्या चालीने सरळ आर आणि वाय दाबले की टेबल इमानदारीने रफार देतं: 'किनार्यावर'. दर्या आणि दऱ्या यांत, किंवा आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांत फरक न करणारी भाषा आपली असती, तर कुणाचंच अडलं नसतं. पण मराठी माणूस हट्टी. त्याला समुद्र वेगळा हवा आणि डोंगरामधली जागा वेगळी हवी.

हा चंद्रकोरीसारखा र युनिकोडमध्ये दोन वाटांनी येतो. एक: नुक्त्याचा ऱ, म्हणजे संकेतांक ०९३१, त्यावर हलन्त, मग य. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबलं की हा ऱ मिळतो. दोन: साधा र, हलन्त, त्यामागे २००डी हा न दिसणारा जोडक, मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. युनिकोडच्या लेखी मात्र ही दोन वेगवेगळी लेखनं. नॉर्मलायझेशन (समान लेखनं एकसारखी करण्याची प्रक्रिया) केलं तरी एकमेकांत विरघळत नाहीत. तेव्हा आयट्रान्सच्या टेबलात एक वाट ठेवा आणि फोनेटिकच्या टेबलात दुसरी. मग नौपाड्यात एकाने टाइप केलेला 'किनाऱ्यावर' कोपरखैरण्यात दुसऱ्याने शोधला की सापडत नाही. दोघंही डोळे फाडून बघतात, अक्षर न् अक्षर जुळतं, आणि शोध म्हणतो: शून्य निकाल. इतक्या कमी कष्टात इतका गोंधळ दुसऱ्या कुठल्याच पॅकेजमध्ये घालता येत नाही.

एवढ्याने समाधान झालं नाही तर ॲ घ्या. मराठीतला ॲ, म्हणजे ०९७२, युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आला. त्याआधी लोक अ वर चंद्र चढवून भागवत, किंवा ए वर चंद्र असलेला ऍ वापरत. तुमच्या टेबलात जुनाच प्रकार असेल तर राहू द्या, परंपरा जपावी. सुटा अ आणि सुटा चंद्र एकत्र आले की अक्षरं जुळवून मांडणारी आताची हार्फबझ लायब्ररी त्यांच्या मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ काढते. अर्ज भरणाऱ्याला वाटतं फॉन्ट बिघडला, फॉन्टवाल्याला वाटतं ब्राउझर बिघडला. तुमच्याकडे कुणीच येत नाही.

चाचणी लिहायचा मोह आवरा. तो होतो, कारण काम सोपं आहे. लायब्ररीला पडदा लागत नाही, आयबसही लागत नाही. इनपुट पद्धत उघडणारं फंक्शन बोलवायचं, भाषा 'एमआर', नाव 'आयट्रान्स' द्यायचं, संदर्भ तयार करायचा, एकेक कळ फिल्टरमधून सोडायची आणि लुकअपने बाहेर आलेला मजकूर ताडून बघायचा. सी भाषेच्या पन्नासेक ओळी. 'ऐरोलीच्या खाडीकिनाऱ्यावर दुसऱ्या दिवशी ॲपमध्ये फ्लेमिंगो मोजले' हे एक वाक्य त्यात घातलं तर वरचे सगळे उद्योग दर बिल्डला उघडे पडतील. म्हणून ऑटोपीकेजीटेस्ट या डेबियनच्या स्वयंचलित चाचणीत 'ट्रू' ही एकच आज्ञा ठेवा. ती कधीच नापास होत नाही.

मधली कडी आणखी नाजूक. ॲप आणि इंजिन यांच्यात, ॲप ज्यावर बांधलेलं असतं त्या जीटीके ३, जीटीके ४, क्यूटी ५, क्यूटी ६ अशा प्रत्येक टूलकिटचा वेगळा दुवा लागतो. आयबसला पर्याय असलेल्या एफसीआयटीएक्स ५ मध्ये तर त्यांची पॅकेजंसुद्धा वेगळी. एकच गाळा. एडिटरमध्ये मराठी उमटेल आणि शेजारच्या ॲपमध्ये तोंडात मिठाची गुळणी. वेलँड या नव्या पडदा-यंत्रणेच्या सत्रात, इनपुट पद्धत सांगणाऱ्या जुन्या पर्यावरण-चलांची गरज बहुधा नसते. केडीईच्या प्लाझ्मा डेस्कटॉपमध्ये तर व्हर्च्युअल कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनपुट पद्धत निवडावी लागते. हे रीडमीमध्ये लिहिलं तर चार ओळी होतील. लिहू नका. फ्लॅटपॅक या बंदिस्त पॅकेजच्या पिंजऱ्यातल्या ॲपला बाहेरचं मॉड्यूल दिसत नाही, त्याला डी-बस या संदेशवाहिनीवरच्या पोर्टलमधून यावं लागतं, हेही तुमच्यापाशीच ठेवा.

बॅकस्पेसची तक्रार हमखास येईल. क्ष म्हणजे तीन संकेतांक; एका दाबात सगळं पुसायचं की फक्त शेवटचं, हे ॲप आजूबाजूचा मजकूर पुरवतं की नाही यावरही ठरतं. उत्तर द्या: 'अपस्ट्रीमला सांगा.' अपस्ट्रीम तुमच्याकडे पाठवेल.

पॅचांची, म्हणजे मूळ कोडवरच्या तुमच्या दुरुस्त्यांची, नावं 'फिक्स', 'फिक्स-२', 'फिक्स-खरं' अशी ठेवा, वर 'फॉरवर्डेड: नॉट-नीडेड' (अपस्ट्रीमला पाठवायची गरज नाही) लिहा. पुढच्या आवृत्तीला पॅच लावणाऱ्या क्विल्टने हात टेकले की तिन्ही वगळा.

अपलोड केल्यावर मीडियम तातडीच्या पॅकेजला अनस्टेबल या पहिल्या पायरीवर सहसा ५ दिवस थांबावं लागतं. तेवढ्या दिवसांत तिथे मराठीत टाइप करणारा कुणी निघाला नाही, की माल टेस्टिंगमध्ये. तिथून फ्रीजच्या (बदल गोठवण्याच्या) वेळी तसाच पुढे सरकला, तर मग स्टेबल, आणि पुढची आवृत्ती यायला साधारण दोन वर्षं.

मग नौपाड्यातल्या एका निवृत्त कारकुनाचा बग येतो. 'साहेब, अपडेट केल्यापासून ऱ्या उमटत नाही.' एवढंच, आणि मोबाइलने काढलेला पडद्याचा फोटो, त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. पाच मिनिटांत उलगडेल असा बग आहे: होम डिरेक्टरीतल्या डॉट-एम१७एन-डॉट-डी या फोल्डरमध्ये जुन्या टेबलाची प्रत पडली आहे का ते विचारायचं, आयबस रिस्टार्ट करायला लावायचं, तीन कळा दाबायला सांगायच्या. तुम्ही मात्र 'मोअरइन्फो'चा (आणखी माहिती हवी) टॅग लावा आणि बॅकट्रेस, म्हणजे कोसळलेल्या प्रोग्रॅमचा माग, मागा. काहीही कोसळलेलं नसताना बॅकट्रेस कुठून आणायचा, हा त्यांचा प्रश्न.

ते आणणार नाहीत. ते कागद घेऊन कोर्टनाक्याच्या डीटीपीवाल्याकडे जातील. त्याच्याकडे अजून श्रीलिपी हे जुनं मराठी टंकांचं सॉफ्टवेअर आहे. पानाचे पैसे घेतो, पण ऱ्या देतो. महिनाभर थांबून बग बंद करा. 'माहिती मिळाली नाही' असा शेरा मारा, आणि तो इंग्रजीतच मारा. मराठीत लिहायला बसलात तर 'वरील शेऱ्यासह बंद' असं टाइप करावं लागेल.