‘निर्वासित बाईला इथं हक्कच नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस जळगाव-भुसावळच्या बऱ्याच ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: भारतानं निर्वासितांच्या करारावर सही केलेली नाही, म्हणून रोहिंग्या किंवा बांगलादेशी बायापोरींना इथं कुठलाच हक्क नाही. त्या दलालाबरोबर मर्जीनं येतात. सापडल्या की लगेच परत धाडा. आणि त्यांना मदत करणाराही आत जाईल. मी विधी सेवेची स्वयंसेविका आहे. हा मेसेज माझ्या मामेभावानं पाठवला, तेव्हा राहवलं नाही.

सहीचं खरं आहे. 1951 च्या करारावर भारताची सही नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. खोटं आहे ते त्यापुढचं ‘म्हणून’. माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी यांवर बंदी घालणारं घटनेचं कलम 23 फक्त नागरिकांसाठी लिहिलेलं नाही. जीविताचा हक्क देणारं कलम 21 सुद्धा ‘व्यक्ती’ला आहे, चकमा निर्वासितांच्या प्रकरणात 1996 साली सर्वोच्च न्यायालयानं तेच सांगितलं. मानवी व्यापाराविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार तर भारतानं 2011 साली स्वीकारलाय. तो वेगळा करार, हे मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं.

भुसावळवरून हावड्याच्या गाड्या रोज जातात. त्याच हावड्यात 1998 साली एका बांगलादेशी महिलेवर सामूहिक बलात्कार झाला. आरोपींत रेल्वेचे कर्मचारी होते. ती परदेशी, तिला भरपाई कशाची, असा मुद्दा रेल्वेनं मांडला होता. जानेवारी 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळून 10 लाखांची भरपाई कायम केली.

आता ‘मर्जी’. यावर मला जास्त बोलायचंय.

मागच्या उन्हाळ्यात भुसावळच्या फलाटावर एक मुलगी पाहिली. ओळख पटेल असे तपशील इथं देत नाही. नवी साडी, कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या, सोबत दोन माणसं. जवळच्या तालुक्यात लग्नाला नेत होते. पाणी विकणाऱ्या आजीनं विचारलं, “माय, तुन्हं नाव काय शे?” मुलगी गप्प. त्यातल्या एका माणसानं आधार कार्ड पुढं केलं. आजीनं त्यावरच्या नावानं हाक मारली, तर मुलीनं वर पाहिलंच नाही. दुसऱ्या हाकेला त्या माणसानं कोपर ढोसलं, तेव्हा ती दचकून “हां” म्हणाली. आजीनं तिथल्या तिथं पोलिसाला बोलावलं. पुढं जळगावच्या सराफ बाजारातला एक बंगाली कारागीर दुभाषी म्हणून आला, त्याला तिचं निम्मंच बोलणं कळलं. तेवढ्यातून समजलं ते असं: ती निर्वासितांच्या छावणीतून निघालेली, वय सोळा, आणि प्रवासाचे पैसे ‘फिटेपर्यंत’ सांगतील तिथं राहायचं.

फिटेपर्यंत! आपल्याकडं ऊसतोडीची उचल ज्यानं घेतलीय, त्याला या शब्दाचं वजन सांगावं लागत नाही. सातपुड्यातली कुटुंबं उचल घेऊन गुजरातेत जातात, आणि हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. त्या कुटुंबाला आपण ‘मर्जीनं गेले’ म्हणतो का? भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 मध्ये स्पष्ट लिहिलंय की मानवी व्यापाराच्या गुन्ह्यात पीडितेची संमती गौण आहे. शिक्षा सात ते दहा वर्षं. अल्पवयीन असेल तर किमान दहा, जन्मठेपेपर्यंत. आणि विकून आणलेली आहे हे माहीत असून तिचं लैंगिक शोषण करणाऱ्यालाही कलम 144 लागतं. आपल्या भागात मुली कमी, पोरांची लग्नं जमत नाहीत, म्हणून दलालाला पैसे मोजणाऱ्या घरांनी हे कलम नीट वाचावं.

परत धाडण्याबद्दल. रोहिंग्यांची पाठवणी थांबवायला सर्वोच्च न्यायालयानं 2021 साली नकार दिला, हे मी लपवत नाही. मात्र ठरलेल्या प्रक्रियेशिवाय पाठवू नका, असंही बजावलं. विकून आणलेल्या बाईचं प्रकरण त्याहून वेगळं आहे. केंद्रीय गृहमंत्रालयानं 2012 सालीच राज्यांना कळवलंय की परदेशी महिला किंवा मूल पीडित असल्याचं तपासात दिसलं, तर कागद नाहीत म्हणून खटला चालवू नये, आणि परत जाईपर्यंत निवारागृहात ठेवावं. ही सूचना आहे, कायदा नव्हे, त्यामुळे पाळली जाईलच असं नाही. पण जबाब व्हायच्या आत तिला पाठवलं, तर दलालाविरुद्ध साक्ष कोण देणार? तो पुढच्या गाडीनं दुसरी मुलगी आणणार.

‘मदत करणारा आत जाईल’ हे तर उलटंच आहे. पालकांपासून तुटलेलं मूल दिसलं, तर 24 तासांत पोलिस, चाइल्डलाइन किंवा बालकल्याण समितीला कळवणं बाल न्याय कायद्यानं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा. मुलांसाठी 1098, महिलांसाठी 181, तातडीला 112. मानवी व्यापाराच्या पीडितेला मोफत वकील देण्याची तरतूद 1987 च्या विधी सेवा कायद्यात आहे, आणि त्यासाठी 15100 वर फोन करता येतो. तिथं नागरिकत्वाची अट नाही.

त्या मुलीनं बालकल्याण समितीपुढं स्वतःचं नाव सांगितलं. कारागिरानं ते दोनदा विचारून घेतलं, आणि कागदावर आधी लिहिलेलं नाव खोडून खरं लिहायला लावलं.